लॅपटॉप सस्पेंड होताना टेक्स्ट कन्सोल लॉक करणे

लिनक्सवर चालणारा लॅपटॉप सस्पेंड होण्यापूर्वी त्याच्या टेक्स्ट कन्सोलवरील (खिडक्यांशिवाय केवळ अक्षरांत चालणाऱ्या पडद्यावरील) लॉगिन सत्रे पासवर्डशिवाय वापरता येऊ नयेत, यासाठी केलेली व्यवस्था. सस्पेंड अवस्थेत मेमरीचा वीजपुरवठा चालू राहत असल्याने झाकण उघडताच सर्व सत्रे होती तशी समोर येतात. त्यांपैकी एखादे रूटचे (सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याचे) असेल, तर झाकण उघडणाऱ्याच्या हाती संपूर्ण यंत्र लागते.

डेस्कटॉपचा स्क्रीन लॉक येथे पुरेसा ठरत नाही. लिनक्सचा कर्नल (प्रणालीचा गाभा) एकाच कीबोर्डवर आणि पडद्यावर अनेक आभासी कन्सोल पुरवतो आणि कंट्रोल, ऑल्ट व एखादी एफ-कळ एकत्र दाबून त्यांमध्ये ये-जा करता येते. डेस्कटॉपचे कुलूप मात्र त्याच्या स्वतःच्या कन्सोलपुरतेच असते. पहिल्या कन्सोलवर लॉगिन करून ‘स्टार्टएक्स’ या आज्ञेने डेस्कटॉप वेगळ्या कन्सोलवर सुरू केला असेल, तर लॉक केलेल्या पडद्यावरून कंट्रोल-ऑल्ट-एफ1 दाबून त्या कन्सोलवर जाता येते आणि तेथे कंट्रोल-झेड दाबताच उघडा शेल (टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम) मिळतो. ‘एक्झेक स्टार्टएक्स’ अशी आज्ञा दिल्यास मागे शेल उरत नाही, म्हणून ही सवय चांगली. सिस्टमडीतील (लिनक्सवरील सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेतील) ‘लॉगिनसीटीएल लॉक-सेशन्स’ ही आज्ञाही नावावरून वाटते तेवढे करत नाही. ती सत्रांना लॉक होण्याचा संदेश पाठवते, आणि साधा शेल तो संदेश ऐकतच नाही.

प्रत्यक्ष कुलूप लावण्यासाठी प्रामुख्याने ‘व्हीलॉक’ आणि ‘फिजलॉक’ हे प्रोग्राम वापरतात. कोणताही पर्याय न देता चालवलेला व्हीलॉक फक्त चालू कन्सोल लॉक करतो, तर ‘-ए’ पर्याय दिल्यावर तो दुसऱ्या कन्सोलवर जाण्याची वाटही अडवतो. फिजलॉक मुळातच कर्नलला सांगून कन्सोलबदल थांबवतो.

खरी अडचण वेळेची आहे. कुलूप यंत्र झोपण्याआधीच पक्के बसले पाहिजे. अन्यथा जागे होताना जुना पडदा क्षणभर का होईना दिसतो. त्यासाठी सिस्टमडीमध्ये ‘स्लीप टार्गेट’च्या (यंत्र झोपवण्याच्या टप्प्याच्या) आधी चालणारी सर्व्हिस लिहितात. फिजलॉकचा ‘-डी’ पर्याय कुलूप लागल्यावर मूळ प्रक्रिया संपवून पहारा पार्श्वभूमीवरील प्रक्रियेकडे सोपवतो. हा पर्याय विसरला आणि सर्व्हिस ‘वनशॉट’ प्रकारची (आपली आज्ञा संपेपर्यंत पुढचा टप्पा रोखणारी) असली, तर पासवर्ड टाकला जाईपर्यंत सस्पेंड अडून राहते आणि लॅपटॉप बॅगेत जागाच तापत बसतो. झोपेची सूचना मिळाल्यावर थोडा अवधी मागणाऱ्या प्रोग्रामांना लॉगिनडी (सिस्टमडीचा लॉगिन सत्रे सांभाळणारा भाग) मूळ मांडणीत कमाल 5 सेकंद देतो.

कुलूप लावणारा प्रोग्रामच मारला गेला, तर पहाऱ्याला अर्थ राहत नाही. ऑल्ट-सिसआरक्यू-के या कळा चालू कन्सोलवरचे सर्व प्रोग्राम संपवतात; त्यामुळे कुलूप असताना सिसआरक्यू (कर्नलला थेट आज्ञा देणारी कळ) बंद ठेवण्याचा पर्याय फिजलॉकमध्ये आहे. बॅश या शेलच्या ‘टीएमआउट’ या चलाने निष्क्रिय शेल आपोआप बंद होतो, पण केवळ तो प्रॉम्प्टवर आज्ञेची वाट पाहत असताना. एडिटर उघडा असेल तर त्याचा उपयोग नाही. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असली, तरी सस्पेंडच्या काळात तिची किल्ली सहसा मेमरीतच असते, आणि वीज तोडल्यानंतरही मेमरीतील मजकूर काही काळ टिकतो हे 2008 मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले. या हल्ल्यापुढे कन्सोलचे कुलूप कामाचे नाही. तेथे यंत्र पूर्ण बंद करणे किंवा एन्क्रिप्ट केलेल्या स्वॅपवर (डिस्कवरील राखीव भागावर) हायबरनेट करणे, म्हणजे मेमरीतील मजकूर तेथे लिहून यंत्र बंद करणे, हेच उपाय उरतात.