‘पित्त झालं असेल’च्या मागचा इतिहास

सुरगाण्याचा पाडा असो की नाशिकरोडची सोसायटी, चाळिशी ओलांडलेल्या बाईला धाप लागायला लागली किंवा पाठीतून जबड्यापर्यंत कळ गेली, की पहिलं निदान घरातच होतं. पित्त झालं असेल. जागरण झालंय. मुलीच्या लग्नाचं टेन्शन घेतलंय. बाईही तेच म्हणते, सोडा पिते आणि भाकरी थापायला बसते. नवऱ्याच्या छातीत तसंच दुखलं तर मात्र पाच मिनिटांत दारात रिक्षा उभी असते. बायकांना दुखणं अंगावर काढायची सवयच असते, असं यावर सहज म्हटलं जातं. मला ते अपुरं वाटतं आणि अन्यायाचंही. कारण हृदयरोगी म्हणजे पुरुष, हे चित्र आधी वैद्यकानंच रंगवलं आणि मग ते घराघरांत पोहोचलं.

लंडनचे डॉक्टर विल्यम हेबर्डन यांनी १७६८ मध्ये अंजायनाचं वर्णन मांडलं. छाती आवळणारं, चालताना येणारं आणि थांबल्यावर ओसरणारं हे दुखणं आजही डॉक्टर जवळपास त्यांच्याच शब्दांत शिकतात. आपण पाहिलेल्या शंभरेक रुग्णांत बायका फक्त तीन होत्या, असंही त्यांनी नोंदवलं. त्या काळी किती बायका डॉक्टरांपर्यंत पोहोचत असतील, याचा विचार पुढच्यांनी केला नाही. दोनशे वर्षांनंतरही गाडी तिथेच होती. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात हृदयरोगावर खास बायकांसाठी परिषद भरली, तिचा विषय होता नवऱ्याचं हृदय कसं सांभाळायचं. मोठे अभ्यासही पुरुषांवरच झाले. जोखीम कमी केल्यानं काय फरक पडतो हे पाहणाऱ्या, १९८२ मध्ये निष्कर्ष आलेल्या एका गाजलेल्या चाचणीत १२,८६६ जण होते, सगळे पुरुष. ॲस्पिरिननं हार्ट अटॅक टळतो का, हे २२,०७१ पुरुष डॉक्टरांवर तपासलं गेलं. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात चाललेल्या हृदयरोगाच्या अभ्यासात १९४८ पासून बायका होत्या, पण तो अपवादच. १९७७ मध्ये तर अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मूल होऊ शकेल अशा वयातल्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळायला सांगितलं. हेतू गर्भाच्या रक्षणाचा होता. पण औषध बायकांच्या शरीरात कसं वागतं हे त्यामुळे कळेना. हे धोरण १९९३ मध्ये मागे घेतलं गेलं.

या गोष्टीला तोंड फोडलं ते डॉ. बर्नाडीन हीली यांनी. त्या स्वतः हृदयरोगतज्ज्ञ आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पहिल्या महिला संचालक. १९९१ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखात त्यांनी या भेदभावाला ‘येंटल सिंड्रोम’ हे नाव दिलं. शिकता यावं म्हणून पुरुषाचा वेश घेणारी एका कथेतली मुलगी म्हणजे येंटल. बाईचं हृदय पुरुषासारखंच बिघडलंय हे सिद्ध झाल्याशिवाय तिला पुरुषासारखे उपचार मिळत नाहीत, असं हीली यांचं म्हणणं होतं. नियतकालिकाच्या त्याच अंकात छापलेल्या एका अभ्यासात आकडे होते: अटॅक येण्याआधी अंजायनाचा त्रास बायकांना पुरुषांइतकाच होता, रोजची कामं तर त्यांची जास्त अडत होती, पण अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी, पुरुषांची जवळपास दुप्पट झाली होती.

डॉक्टरांनी डॉक्टरांना सुनावणं ही एक बाजू. दुसरी बाजू रुग्ण बायकांची, आणि मला तीच मोलाची वाटते. चाळिशीतच हार्ट अटॅक येऊन गेलेल्या तीन अमेरिकन बायकांनी १९९९ मध्ये ‘विमेनहार्ट’ ही संघटना उभी केली. अटॅकमधून वाचलेल्या बायकांना मेयो क्लिनिक या तिथल्या नावाजलेल्या रुग्णालयात बोलावून हृदयरोगाचं शिक्षण द्यायचं आणि आपापल्या गावी जाऊन त्यांनी इतर बायकांशी बोलायचं, अशी रीत त्यांनी पाडली. डॉक्टरांपुढे काय बोलायचं, कुठली तपासणी मागायची, नकार मिळाला तर पुढे काय, हे अनुभवी बाई नवख्या बाईला सांगते. बोलणं शिकवता येतं हे यातून दिसलं.

लक्षणांबद्दल एक गैरसमज इथे दूर करायला हवा. २००३ मध्ये अटॅक येऊन गेलेल्या ५१५ बायकांशी बोलून केलेला एक अभ्यास आला. अटॅकच्या आधीच्या दिवसांत त्यांतल्या ७१ टक्के बायकांना कधी नव्हे असा थकवा आला होता, जवळपास निम्म्यांची झोप बिघडली होती. छातीतला त्रास त्या काळात तीनांतल्या एकीलाही नव्हता. तेव्हापासून ‘बायकांची लक्षणं वेगळीच असतात’ हे वाक्य सगळीकडे फिरतं. ते अर्धंच खरं आहे. पंचावन्न वर्षांपर्यंतच्या रुग्णांवरच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात अटॅकच्या वेळी बहुतेक बायकांच्या छातीत दुखलंच होतं, पुरुषांच्या दुखतं तसंच. फरक ऐकणाऱ्यात होता. आधी डॉक्टरांकडे गेलेल्यांपैकी ५३ टक्के बायकांना त्यांचा त्रास हृदयाचा नसावा असं वाटेल असंच उत्तर मिळालं होतं. पुरुषांत हे प्रमाण ३७ टक्के होतं.

तपासण्यांचंही तसंच. अँजिओग्राफीत मोठ्या रक्तवाहिन्या मोकळ्या दिसल्या की बाईला ‘काही नाही, काळजी करू नका’ म्हणून घरी पाठवलं जाई. १९९६ पासून अमेरिकेत बायकांवर झालेल्या अभ्यासांतून कळलं की बारीक रक्तवाहिन्या नीट काम करत नसल्या तरी हृदयाला रक्त कमी पडतं, आणि ते अँजिओग्राफीत दिसत नाही. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या ट्रोपोनिन या प्रथिनाची अटॅक ठरवणारी पातळीही बायकांसाठी कमी धरावी लागते, हे अलीकडच्या वर्षांत पुढे आलं.

आपल्याकडची वाट थोडी वेगळी आहे. इथे बायकांचं हृदय आधी झडपांच्या आजारानं गाठलं. लहानपणी घसा दुखून ताप येतो, त्यातून पुढे झडप आकुंचन पावते आणि गरोदरपणात धाप लागते; ती ‘दिवस गेलेत म्हणून’ ठरते. भारतातल्या पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांनी या संधिवाताच्या हृदयरोगावर आयुष्यभर काम केलं. चुलीच्या धुरानं फुप्फुसं खराब होऊन हृदयाची उजवी बाजू थकते, हेही त्यांनी १९५० च्या दशकात दिल्लीत मांडलं. त्या धुरात मशेरीची भर घाला, सिन्नरकडच्या विडी वळणाऱ्या बायकांची तंबाखूतली वर्षं घाला. त्यात दक्षिण आशियात पहिला हार्ट अटॅक सरासरी त्रेपन्नाव्या वर्षी येतो, इतर देशांपेक्षा जवळपास सहा वर्षं आधी.

दवाखान्याच्या दारापर्यंत पोहोचणं हीच आपल्याकडची मोठी लढाई. दिल्लीच्या एम्समध्ये ज्या मुलांना जन्मजात हृदयदोषासाठी शस्त्रक्रिया सांगितली होती, त्यांच्यातल्या ७० टक्के मुलग्यांची ती झाली, मुलींची फक्त ४४ टक्के. हे आकडे २०११ चे. तिथल्याच बाह्यरुग्ण विभागाच्या नोंदींवरून २०१९ मध्ये दिसलं की गाव जितकं लांब, तितक्या बायका कमी. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या बाईला हे आकड्यांविनाही ठाऊक आहे: घाट उतरून नाशिकला जायचं तर सोबत कुणीतरी हवं, त्याचा दिवस बुडणार, आणि द्राक्षाचा हंगाम असेल तर तिची स्वतःची मजुरीही जाणार. म्हणून इथे बाईला आधी घर पटवावं लागतं, डॉक्टर नंतर.

पैशाची अडचण काही अंशी सुटलीय. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना पुढच्या वर्षी नाशिकसह सगळ्या राज्यात आली. आज ती महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. अँजिओप्लास्टी आणि बायपास तिच्यात बसतात. योजनेतल्या रुग्णालयात कागदपत्रांसाठी आरोग्यमित्र असतो, आणि शालिमारला शासनाचं विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे. २०१४ पासून १०८ ची ॲम्ब्युलन्सही आहे. ती नवऱ्यासाठी बोलावतात तितक्याच तातडीनं बाईसाठी बोलवायची असते.

डॉक्टरांसमोर काय बोलायचं? ‘बरं वाटत नाही’ एवढ्यावर थांबू नये. त्रास कधी सुरू झाला, काय केल्यावर वाढतो, आईला-भावाला हृदयरोग होता का, गरोदरपणात बीपी किंवा शुगर वाढली होती का, पाळी लवकर गेली का, मशेरी लावते का, हे न विचारताही सांगावं. गरोदरपणातल्या त्या तक्रारी पुढच्या हृदयरोगाची खूण असतात, हे अमेरिकेच्या हृदय संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत २०११ मध्ये आलं. ‘डिलिव्हरीनंतर उतरलं होतं’ म्हणून ते विसरायचं नसतं. मग सरळ विचारावं: हे हृदयाचं नाही, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? छातीत दुखत असताना दवाखान्यात पोहोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघायला हवा, आणि पहिला ईसीजी ठीक आला पण दुखणं थांबलं नाही तर पुन्हा काढायला हवा. हे मागणं उद्धटपणाचं नाही.

त्याला कायद्याचाही आधार आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली, आणि २०२१ च्या नियमांनुसार महाराष्ट्रातल्या खासगी रुग्णालयांना अशी सनद लावावी लागते. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा त्यातला हक्क. आपले कागद मागितल्यावर ७२ तासांत मिळायला हवेत, हे तर डॉक्टरांच्या आचारसंहितेत २००२ पासून आहे. ईसीजीचा कागद उन्हानं, उष्णतेनं पुसट होतो. त्याची झेरॉक्स काढून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवावी. पुढच्या वेळी डॉक्टरांना नवा ईसीजी जुन्याशी ताडून पाहता येतो.