न मोजलेल्या धडका

शेन टक मेलबर्नच्या रिचमंड क्लबकडून १७३ सामने खेळला. हा खेळ म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, आणि स्पर्धा एएफएल, म्हणजे त्या खेळातली सर्वोच्च. त्याचं घराणंच या खेळातलं. वडील मायकेल टक हॉथॉर्न क्लबचे कर्णधार होते. ४२६ सामने आणि ७ विजेतेपदं त्यांच्या नावावर आहेत, आणि सामन्यांचा त्यांचा विक्रम २०१६ पर्यंत कुणी मोडला नव्हता. आई अ‍ॅब्लेट घराण्यातली. ऑस्ट्रेलियात सगळ्यांना माहीत असलेला गॅरी अ‍ॅब्लेट तिचा भाऊ.

शेन २०१३ मध्ये निवृत्त झाला, पुढे काही काळ व्यावसायिक बॉक्सिंगही खेळला. मग घरच्यांना त्याच्यात बदल दिसू लागले. विसरभोळेपणा वाढला, झोप उडाली, डोक्यात आवाज ऐकू येऊ लागले. हा मानसिक आजार आहे असं समजून उपचार चालू होते. जुलै २०२० मध्ये, वयाच्या ३८व्या वर्षी, बायको आणि दोन मुलांना मागे ठेवून तो गेला. कुटुंबाने त्याचा मेंदू सिडनीतल्या ‘ऑस्ट्रेलियन स्पोर्ट्स ब्रेन बँके’ला दिला. तपासणीत क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी, म्हणजे सीटीई, हा डोक्याला वारंवार बसलेल्या धक्क्यांमुळे होणारा मेंदूचा आजार सापडला. तोही तीव्र स्वरूपाचा.

हा खेळ कसा चालतो ते माहीत असल्याशिवाय हे नीट कळणार नाही. मैदान भलंमोठं, लंबगोल. एका बाजूला १८ खेळाडू. चेंडू हवेत असताना तो झेलण्यासाठी दोघे-तिघे एकदमच उडी मारतात, कधी समोरच्याच्या खांद्यावर गुडघा टेकवून. चेंडू जमिनीवर असला की धावत येणारे खेळाडू खाली वाकून एकमेकांवर आदळतात. धक्का कुठल्याही दिशेने येऊ शकतो, आणि बहुतेकांच्या डोक्यावर हेल्मेट नसतं.

अर्थात हेल्मेट असतं तरी मेंदूचं नुकसान टळलं नसतं. हेल्मेट कवटी वाचवतं. डोकं झटक्यात फिरलं की कवटीच्या आत मेंदू ताणला जातो, आणि तो ताण हेल्मेटला थांबवता येत नाही. मेंदूच्या पेशींना लांबलचक तंतू असतात, आणि त्यांच्या आत सूक्ष्म नळ्यांचा सांगाडा असतो. टाउ नावाचं प्रथिन या नळ्यांना धरून ठेवतं, परांचीचे बांबू काथ्याने बांधतात तसं. वारंवार ताण बसला की टाउमध्ये रासायनिक बदल होतो. ते नळ्यांपासून सुटतं आणि त्याच्या गुठळ्या होतात. सीटीईमध्ये या गुठळ्या एका ठरावीक जागी दिसतात: मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांच्या भोवती. अल्झायमरमध्येही टाउच्या गुठळ्या असतात, पण त्यांची मांडणी वेगळी असते. हा फरक मेंदूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच खात्रीने सांगता येतो. म्हणून माणूस जिवंत असताना आज पक्कं निदान होत नाही.

त्यामुळे या विज्ञानात कुटुंबाचं स्थान विलक्षण आहे. स्वभाव बदलतोय हे आधी घरातल्यांना जाणवतं, आणि शेवटी मेंदू द्यायचा की नाही हेही बहुतेकदा तेच ठरवतात. जिलाँग क्लबकडून गाजलेले ग्रॅहम फार्मर २०१९ मध्ये वारले. पुढच्या वर्षी जाहीर झालं, की सीटीईचं निदान झालेले ते पहिले एएफएल खेळाडू आहेत. हेदर अँडरसन ही लष्करात वैद्यकीय सेवेत होती. २०१७ मध्ये महिलांच्या पहिल्याच एएफएल हंगामात ती अ‍ॅडलेडच्या विजेत्या संघात होती. ती ठळक गुलाबी हेल्मेट घालून खेळायची. २०२२ मध्ये, २८ व्या वर्षी, तिचं निधन झालं. सीटीईचं निदान झालेली ती जगातली पहिली व्यावसायिक महिला खेळाडू ठरली.

ब्रेन बँकेने तपासलेल्या पहिल्या २१ दात्यांपैकी १२ जणांमध्ये सीटीई सापडला. या आकड्यावरून निम्म्याहून जास्त खेळाडूंना हा आजार होतो असं म्हणता येणार नाही. ज्यांच्या घरी काहीतरी बिनसल्याचं जाणवतं, तीच कुटुंबं मेंदू द्यायला जास्त करून पुढे येतात. मात्र त्या १२ जणांत तिशीच्या आसपासचे तरुणही होते. मला स्वतःला याची काळजी जास्त वाटते.

मग ४२६ सामने खेळलेल्या वडिलांच्या वाट्याला एक आयुष्य आणि मुलाच्या वाट्याला दुसरंच, असं का? शेनच्या बाबतीत बॉक्सिंगची भर होतीच. आनुवंशिकतेचा भाग किती, हे अजून ठरायचं आहे. एक गोष्ट मात्र बरीच स्पष्ट झाली आहे. अमेरिकन फुटबॉल खेळलेल्या ६३१ जणांच्या मेंदूंचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. कन्कशन, म्हणजे मेंदूला हादरा बसून भोवळ किंवा गोंधळ होणं, किती वेळा झालं यावरून सीटीईचा अंदाज येत नव्हता. आयुष्यभरात डोक्याने सोसलेल्या धक्क्यांची एकूण ताकद जास्त महत्त्वाची ठरली. खेळाडू लगेच उठून धावायला लागतो, कुणी नोंदही करत नाही, असे धक्केही त्यात आले.

एएफएलने २०२१ पासून कन्कशननंतर किमान १२ दिवस खेळू न देण्याचा नियम केला. नियम चांगलाच आहे, पण तो लागू होतो तो फक्त ओळखल्या गेलेल्या कन्कशनला. शेनच्या मृत्यूची चौकशी करणाऱ्या व्हिक्टोरिया राज्याच्या कॉरोनरने (अशा चौकशीसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याने) २०२३ च्या अखेरीस केलेली शिफारस मला जास्त मुद्द्याची वाटते: सरावातली अंगाला अंग भिडवणारी सत्रं मर्यादित ठेवा. सामन्यातल्या धडका कमी करायच्या तर खेळच बदलावा लागेल, आणि त्याला प्रेक्षकांपासून खेळाडूंपर्यंत सगळ्यांचा विरोध होईल. आठवड्याच्या सरावात तसं काही नसतं. प्रशिक्षकाने वेळापत्रक बदललं की झालं, आणि शाळकरी मुलांच्या संघांमध्येही ते याच हंगामापासून करता येईल.