वेल्श भाषेत स्वर नसतात, हा गैरसमज

ब्रिटनमधील वेल्स या प्रदेशातील, वेल्श भाषेत लिहिलेल्या गावांच्या पाट्यांची छायाचित्रे दाखवून ‘या भाषेत स्वरच नाहीत’ असे गमतीने सांगितले जाते आणि पुष्कळांना ते खरेही वाटते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. इंग्रजी वर्णमालेत पाच स्वराक्षरे मानली जातात, तर वेल्शमध्ये सात, कारण ‘डब्ल्यू’ आणि ‘वाय’ ही अक्षरेही तेथे स्वरांसाठी वापरली जातात. ‘सी-डब्ल्यू-एम’ असा लिहिला जाणारा दरीवाचक शब्द सरळ ‘कुम’ असा उच्चारतात. ‘वाय’ मात्र थोडे फसवे आहे: डोंगर या अर्थाच्या ‘एम-वाय-एन-वाय-डी-डी’ या शब्दात पहिल्या ‘वाय’चा उच्चार ‘अ’सारखा, तर दुसऱ्याचा ‘इ’च्या जवळचा होतो. तरीही इंग्रजीच्या मानाने वेल्श लेखन उच्चाराला कितीतरी अधिक धरून आहे. अडचण इंग्रजीचे नियम लावून ते वाचणाऱ्याची असते. खरी कसोटी लागते ती लानेली या गावाच्या नावात दोनदा येणाऱ्या जोड ‘एल’ची. हे वेल्शमध्ये एकच अक्षर असून, जीभ ‘ल’च्या जागी टेकवून, घशातून आवाज न काढता तिच्या कडेने नुसती हवा सोडली की त्याचा ध्वनी उमटतो. देवनागरीत तेथे ‘ल’ लिहिणे ही निव्वळ तडजोड आहे.