शिलकी सरकारी मालमत्ता : सार्वजनिक आरोग्यासाठी वापर (इंदूर)

एखाद्या सरकारी खात्याला नको झालेली जमीन वा इमारत दवाखाना, प्रसूतिगृह किंवा रुग्णालयासाठी आरोग्य खात्याकडे वळती करण्याची पद्धत. हे भूसंपादन नव्हे. तिथे खासगी मालकाला मोबदला द्यावा लागतो. इथे मालक सरकारच, खाते तेवढे बदलते. रेल्वे किंवा संरक्षण खात्याची जागा असेल, तर मालक केंद्र सरकार असते. मग राज्याला ती मागून घ्यावी लागते. अमेरिकेत केंद्राची शिलकी मालमत्ता आरोग्यकार्यासाठी किमतीत १०० टक्क्यांपर्यंत सवलतीने मिळू शकते. अट एवढीच, की ३० वर्षे वापर तोच राहिला पाहिजे.

होळकर संस्थान १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाले. महाराजांची खासगी मिळकत बाजूला निघाली, उरलेली नव्या राज्याकडे आली. १८७८ मध्ये सुरू झालेली आणि पुढे किंग एडवर्ड यांच्या नावाने ओळखली गेलेली वैद्यक शाळा १९४८ मध्येच महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय झाली. महाराजा यशवंतराव रुग्णालय, म्हणजे इंदूरकरांचे 'एमवाय', याच महाविद्यालयाशी जोडलेले आहे.

शहरातल्या सरकारी जमिनीला इथे 'नजूल' म्हणतात. आरोग्य खाते कलेक्टरकडे मागणी करते, तहसीलदार चौकशी करतो, पटवारी जागेवर जाऊन अहवाल देतो, इश्तेहार काढून हरकती मागवल्या जातात. शेवटी कागदोपत्री आरोग्य खात्याचे नाव चढते. सगळा जीव या नोंदीत आहे. ती राहून गेली, की रिकाम्या जागेवर आधी चहाची टपरी येते, मग पत्र्याची शेड, आणि दवाखान्याचा नकाशा मंजुरीला गेला की "जागा कोणाची?" या प्रश्नावर फाइल अडते.

कचेरीची इमारत रुग्णालयाला जशीच्या तशी चालत नाही. दारातून माणूस आत जातो, पण अरुंद बोळात स्ट्रेचर वळत नाही. जिन्याच्या जोडीला उतार, ऑक्सिजनची नळी, जैववैद्यकीय कचऱ्याला वेगळी खोली हवी. म्हणून बाह्यरुग्ण दवाखान्याला जुनी वास्तू पुरते, मोठ्या रुग्णालयाला मात्र तिच्याखालची जमीनच कामाची.

२०२० मध्ये मध्य प्रदेशात अशा मालमत्तांसाठी लोक परिसंपत्ती व्यवस्थापन विभाग निघाला आणि नको असलेल्या जागांचे लिलाव होऊ लागले. लिलावाआधी आरोग्य खात्याला विचारणे बंधनकारकच हवे. विकलेली जागा पुढे दवाखान्याला हवी झाली, तर २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे शहरातही बाजारभाव आणि त्यावर तेवढाच दिलासा (जागा सक्तीने घेतल्याबद्दलची जादा भरपाई), म्हणजे एकूण दुप्पट रक्कम मोजावी लागते.