पॉप-अप: विंडो, डायलॉग की पॉपओव्हर?

वेबपानावर पॉप-अप, म्हणजे पानावर वेगळी उघडणारी चौकट, दाखवायचं ठरलं की रंग आणि आकार बाजूला ठेवून आधी एक गोष्ट पक्की करा: तो उघडा असताना मागचं पान वापरता यायला हवं की नको?

सर्वांत जुनी वाट म्हणजे स्वतंत्र विंडो, जावास्क्रिप्ट या वेबपानांच्या प्रोग्रामिंग भाषेतलं 'विंडो.ओपन'. जाहिरातींनी तिचा इतका उच्छाद मांडला की २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकमधून इंटरनेट एक्सप्लोररमध्येच पॉप-अप ब्लॉकर आला. आजचे ब्राउझर सहसा क्लिकला लगेच जोडून उघडलेली विंडोच चालू देतात. गफलत इथेच होते. क्लिकनंतर सर्व्हरकडे विचारणा जाते, उत्तर यायला वेळ लागतो, तोवर क्लिकने मिळालेल्या परवानगीची मुदत संपते आणि विंडो अडते. म्हणून क्लिक होताच रिकामी विंडो उघडा, पत्ता उत्तर आल्यावर भरा. 'विंडो.ओपन'कडून 'नल' (म्हणजे 'काहीच नाही') परत आलं, तर विंडो अडली असं समजून साधी लिंक दाखवा. दुसऱ्या संकेतस्थळावरच्या लॉगिनसारख्या कामापुरतीच ही वाट ठेवावी.

पान अडवून उत्तर घ्यायचं असेल, उदाहरणार्थ 'खातं कायमचं काढू का?', तर एचटीएमएलमधला (पानाची रचना लिहिण्याच्या भाषेतला) डायलॉग टॅग वापरा. मार्च २०२२ पासून तो सगळ्या प्रमुख ब्राउझरांत आहे. पूर्वी यासाठी डिव्ह (साधा चौकटीचा टॅग) आणि भलामोठा झेड-इंडेक्स (कोणता घटक वर दिसावा हे ठरवणारा आकडा) वापरत. पण डिव्ह ज्याच्या आत आहे अशा एखाद्या घटकाला ट्रान्सफॉर्म (घटक सरकवणारा किंवा फिरवणारा नियम) लावलेला असला की डिव्ह त्याच्या थरात अडकतो. मग झेड-इंडेक्स ९९९९ करूनही तो हेडरखालीच राहू शकतो. जावास्क्रिप्टमधल्या 'शोमोडल'ने उघडलेला डायलॉग मात्र थेट सर्वांत वरच्या थरात जातो. मागचं पान निष्क्रिय होतं, एस्केप दाबल्यावर तो बंद होतो आणि फोकस (कीबोर्डची कळ ज्या घटकावर लागू होते ती जागा) मूळ बटणावर परततो.

तीन चुका नेहमी दिसतात. एक, 'ओपन' हा गुणधर्म हाताने लावणं: डायलॉग दिसतो, पण मागचं पान मोकळंच राहतं. दोन, सीएसएसमध्ये (पानाची मांडणी ठरवणाऱ्या नियमांत) सरसकट 'डिस्प्ले: फ्लेक्स' लिहिणं: बंद डायलॉगही पानावर दिसू लागतो, म्हणून तो नियम फक्त उघड्या अवस्थेसाठी लिहा. तिसरी सर्वांत घातक. फोकस आपोआप पहिल्या बटणावर जातो. ते 'काढून टाका' असेल तर एका एंटरमध्ये खातं गेलं. 'ऑटोफोकस' हा गुणधर्म 'रद्द करा' या बटणावर ठेवा.

मेनू किंवा छोटी टीप असेल तर पान अडवायचं कारण नाही. तिथे पॉपओव्हर, म्हणजे मागचं पान न अडवता वर उघडणारी चौकट, योग्य. घटकाला 'पॉपओव्हर' आणि बटणाला 'पॉपओव्हरटार्गेट' हा गुणधर्म लिहिला की उघडण्यासाठी जावास्क्रिप्टची एक ओळही लागत नाही, आणि बाहेर क्लिक केल्यावर तो मिटतो. मात्र आयफोनवर बाहेर टॅप करूनही न मिटण्याचा दोष सफारी ब्राउझरच्या १८.३ या आवृत्तीतच दुरुस्त झाला. जुने फोन अजून वापरात आहेत, तेव्हा आत बंद करण्याचं बटण द्याच. शिवाय पॉपओव्हर मुळात पडद्याच्या मधोमध उघडतो. बटणाशेजारी हवा असेल तर त्याची जागा सीएसएसमध्ये वेगळी ठरवावी लागते.