कीबोर्ड शॉर्टकट : मराठी टिपणे आणि विदर्भातील गावपातळीवरचा वापर

माउसला हात न लावता दोन-तीन बटणे एकत्र दाबून संगणकाकडून काम करून घेण्याच्या सोयीला कीबोर्ड शॉर्टकट म्हणतात. वननोट, गूगल कीप, ऑब्सिडियन, नोशन यांसारख्या टिपणांच्या ॲपमध्ये नवे टिपण उघडणे, तारीख घालणे, मजकूर उचलून दुसरीकडे ठेवणे, जुने टिपण शोधणे ही कामे त्याने झटपट होतात. विदर्भाच्या ११ जिल्ह्यांतल्या गावांत असे टिपण लिहिणारा माणूस बहुधा ग्रामपंचायतीचा संगणक परिचालक, सेवा केंद्र चालवणारा, बचत गटाचा हिशोब सांभाळणारी ताई किंवा अभ्यासिकेत बसलेला विद्यार्थी असतो, आणि तो मराठीत लिहितो. शॉर्टकटच्या बहुतेक याद्या इंग्रजीत टाइप करणाऱ्यासाठी बनलेल्या असतात. मराठी टाइप करणाऱ्याला त्यातले काही जसेच्या तसे चालतात, काही मुळीच चालत नाहीत. हा फरक कुणी समजावून सांगत नाही, म्हणून या नोंदीत त्यावर भर दिला आहे.

उगम. मजकूर कापणे, उचलणे आणि चिकटवणे ही कल्पना आज ज्या रूपात आहे ती कॅलिफोर्नियातील झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात १९७० च्या दशकाच्या मध्यावर घडली. लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी तेथे 'जिप्सी' नावाचा लेखन-प्रोग्राम तयार केला. पुढे ॲपलच्या १९८३ च्या लिसा संगणकावर मागे घेणे, कापणे, उचलणे, चिकटवणे या कामांसाठी झेड, एक्स, सी, व्ही ही खालच्या ओळीतली सलग चार बटणे ठरली. विंडोजने हीच चार कंट्रोल बटणासोबत घेतली. त्याआधी, १९८७ मध्ये, आयबीएमने वेगळी पद्धत सुचवली होती : शिफ्ट + डिलीटने कापायचे, कंट्रोल + इन्सर्टने उचलायचे, शिफ्ट + इन्सर्टने ठेवायचे. ती विंडोजमध्ये आजही बहुतेक ठिकाणी चालते. सेवा केंद्रावरच्या जुन्या कीबोर्डचे सी किंवा व्ही बटण घासून, धूळ बसून दाबले जाईनासे होते, तेव्हा ही जुनी पद्धत कामी येते. ती परिचालकांना मुद्दाम शिकवायला हवी.

वेळेचा हिशोब. स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरान आणि ॲलन न्यूएल यांनी १९८० मध्ये संगणकावरच्या हालचालींचे सरासरी वेळ मांडले. सराईत टायपिस्टला एक बटण दाबायला ०.२ सेकंद, माउसने एखाद्या जागी पोहोचायला १.१ सेकंद आणि कीबोर्डवरून माउसवर किंवा उलट हात न्यायला ०.४ सेकंद लागतो. मेनू उघडून 'कॉपी'वर क्लिक करायचे आणि परत टाइप करायला लागायचे, तर हा हिशोब ३.४ सेकंदांवर जातो. कंट्रोल + सी ०.४ सेकंदात होते. दिवसात २०० वेळा असे काम पडले तर १० मिनिटे वाचतात. मात्र समोर माणूस बोलत असताना टिपण घेणाऱ्याला मिनिटांपेक्षा मोठा फायदा नजरेचा आहे. माउसचा बाण शोधायला मान खाली-वर करावी लागते, आणि तेवढ्यात बोलणाऱ्याचे एक वाक्य निसटते. हात कीबोर्डवरच राहिला तर नजर बोलणाऱ्याच्या तोंडावर राहते.

बटणाचे अक्षर की बटणाची जागा? इन्स्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण मांडणी भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ठरवली. तिच्यात मात्रा डाव्या हाताखाली आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताखाली येतात. विंडोजवर ही मांडणी चालू असताना सीच्या बटणावर 'म' उमटतो, पण कंट्रोल धरून तेच बटण दाबले की मजकूर उचललाच जातो, कारण संगणक तिथे बटणाची जागा ओळखतो. म्हणून मराठी टाइप करणाऱ्याने शॉर्टकट मराठी अक्षरांनीच पाठ करावेत असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. कंट्रोल + म ने उचलायचे, कंट्रोल + न ने ठेवायचे. 'म' आणि 'न' शेजारी आहेत, दोन्ही मिळून 'मन' होते, आणि एकदा असे सांगितले की शिकणारी पोरगी विसरत नाही. अनुस्वाराच्या बटणाने कापले जाते, 'व'ने अक्षर ठळक होते, 'ल'ने नवे टिपण उघडते, पहिल्या वेलांटीच्या बटणाने शोध लागतो, एका मात्रेच्या बटणाने साठवण होते आणि 'ो'ने सगळा मजकूर निवडला जातो. ज्यांचा हात तालुक्याच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये रेमिंग्टन, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या, मांडणीवर बसला आहे, त्यांच्या बटणांवर अक्षरे वेगळी, पण जागेचा नियम हाच. इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी उमटवणाऱ्यांना हा प्रश्न पडत नाही.

अडचण सुरू होते ती कंट्रोलशिवायच्या शॉर्टकटमध्ये. गूगल कीपच्या वेब आवृत्तीत नुसते सी दाबले की नवे टिपण उघडते आणि तिरकी रेघ दाबली की शोध सुरू होतो. नोशनमध्ये त्याच तिरक्या रेघेने आज्ञांची यादी उघडते. इन्स्क्रिप्टमध्ये त्या बटणावर 'य' आहे, त्यामुळे यादीऐवजी पानावर 'य' येतो. टिपणात करायच्या कामापुढे चौकट हवी म्हणून दोन चौकोनी कंस टाइप करावेत, तर एका बटणावर 'ड' आणि दुसऱ्यावर नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा ठिपका, असल्याने 'ड़' उमटतो. ऑब्सिडियनमध्ये शीर्षकासाठी लागणारे हॅशचे चिन्ह शिफ्ट + ३ वर असते. तिथे इन्स्क्रिप्टमध्ये रफाराचा भाऊ, म्हणजे 'प्र'मधली तिरकी रेघ, येते. नवशिक्याला वाटते आपलेच काही चुकले. चूक त्याची नाही. या सोयी घडवताना देवनागरी मांडणी कुणी पुढ्यात ठेवलेली नव्हती. यावर दोन उपाय आहेत. विंडोजचे बटण + स्पेस दाबून क्षणभर इंग्रजीत जावे आणि परत यावे. किंवा त्याच कामाचा कंट्रोलवाला शॉर्टकट शोधावा, आणि हा उपाय अधिक चांगला. वननोटमध्ये कंट्रोल + १ ने चौकट आणि कंट्रोल + आल्ट + १ ने शीर्षक मिळते. ऑब्सिडियनच्या सेटिंगमध्ये आपल्याला हवी ती बटणे नेमून घेता येतात.

पुसण्याच्या बाबतीतही देवनागरीचे वेगळे आहे. बहुतेक विंडोज ॲपमध्ये बॅकस्पेस फक्त शेवटची मात्रा किंवा अनुस्वार काढतो, तर कर्सर अक्षराच्या आधी ठेवून डिलीट दाबले की जोडाक्षर मात्रेसकट जाते. 'ठराव'चे 'ठरावा' झाले असेल तर मात्रा तेवढी काढून पुढे जाता येते. आख्खा शब्द चुकला तर कंट्रोल + बॅकस्पेस पुरेसे.

ग्रामसभेतील टिपण. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी गावोगावी ग्रामसभा भरते. इतिवृत्त नीट लिहून काढले जाते ते नंतर. सभा चालू असताना कच्चे टिपण हाती लागते, आणि प्रत्येक ठरावाला क्रमांक, विषय, सूचक, अनुमोदक हा सांगाडा लागतोच. तो सांगाडा एकदा लिहून ठेवून दर ठरावाला उचलून-ठेवून घेणे हा गावपातळीवरचा सर्वांत उपयोगी शॉर्टकट आहे. विंडोज १० पासून विंडोजचे बटण + व्ही दाबले की आधी उचललेले मजकूरही यादीत दिसतात. ती सोय एकदा चालू करून घ्यावी लागते, पण मग सांगाडा एका ओळीत आणि सूचकाचे नाव दुसऱ्या ओळीत, दोन्ही हाताशी राहतात. तारखेसाठी नोटपॅडमध्ये एफ ५ आणि वननोटमध्ये आल्ट + शिफ्ट + डी. पूर्व विदर्भात तर या नोंदींना आणखी वजन आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि त्या भागातल्या अनेक ग्रामसभा आता बांबू व तेंदूपानाचे व्यवहार स्वतः ठरवतात. तिथे ठरावातला एक आकडा चुकला तर मजुरीचा हिशोब चुकतो.

साठवण आणि घाई. वननोट, कीप, ऑब्सिडियन ही ॲप आपोआप साठवतात. साध्या लेखन-प्रोग्राममध्ये मात्र दर परिच्छेदाला कंट्रोल + एस दाबायची सवय लागते, कारण उन्हाळ्यात 'लाईन गेली' हे रोजचे आहे आणि बॅटरी बसलेला यूपीएस मिनिटभरही धरत नाही. या सवयीतही एक धोका आहे. जुन्या मशीनवर युनिकोड (देवनागरीसह सगळ्या लिप्यांची अक्षरे साठवणारी पद्धत) न निवडता साठवू गेले की संगणक एक इशारा दाखवतो, आणि बोट सवयीने एंटरवर पडले की फाइल बंद करून उघडल्यावर मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे राहतात. प्रस्तुत लेखकाने एका सभेचे दीड तासाचे टिपण असेच घालवले आहे. तेव्हापासून नवी फाइल उघडली की आधी एकच शब्द लिहून, युनिकोड निवडून साठवायची आणि मग पुढे लिहायचे, हा क्रम सोडलेला नाही.

मोबाईल. गावात टिपणे फोनवरच जास्त होतात. जीबोर्ड या गूगलच्या फोनवरच्या कीबोर्डच्या वैयक्तिक शब्दकोशात 'ठक्र' असे छोटे रूप घालून 'ठराव क्रमांक' हा पूर्ण मजकूर त्याला जोडता येतो. ओटीजी केबलने साधा यूएसबी कीबोर्ड अँड्रॉइड फोनला लावला तर कंट्रोल + सी, व्ही तिथेही चालतात.

शोध. टिपण लिहिण्यापेक्षा ते वेळेवर सापडणे महत्त्वाचे, आणि शॉर्टकटचा खरा कस इथे लागतो. चालू पानात शोधायला कंट्रोल + एफ, वननोटच्या सगळ्या वह्यांत शोधायला कंट्रोल + ई, ऑब्सिडियनमध्ये नावावरून टिपण उघडायला कंट्रोल + ओ. बटणे सोपी आहेत, शब्द अवघड आहेत. 'वऱ्हाड' हाच शब्द घ्या. त्यातला ऱ इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट + जे ने येतो. काही जण मात्र साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक घालून तसाच आकार उमटवतात. डोळ्याला दोन्ही सारखेच, पण संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द, आणि एकाने लिहिलेला दुसऱ्याच्या शोधात सापडत नाही. अशा वेळी 'हाड' एवढाच तुकडा शोधावा. ७ आणि त्याचे इंग्रजी रूप यांचेही युनिकोड क्रमांक वेगळे, म्हणून गट क्रमांक कोणत्या अंकांत लिहायचे ते कार्यालयाने एकदा ठरवून टाकावे.

बोलीचा प्रश्न त्याहून नाजूक. शेतात जाणाऱ्या वाटेला विदर्भात 'पांदण' म्हणतात, शासनाच्या कागदात 'पाणंद' असते. एका सभेत एक आजोबा उभे राहिले : "पांदनीचा ठराव मांगच्या साली बी झालता, त्याचं काय झालं? काहून सांगत नाई कोनी?" सचिव फाइल चाळू लागले. परिचालक ताईने कंट्रोल आणि वेलांटीचे बटण दाबून 'पांदण' शोधले, काही मिळाले नाही. मग 'पाणंद' टाइप केले. "थांबा आबाजी, बसू नका," ती म्हणाली, आणि मागच्या १ मे चा ठराव, सूचकाच्या नावासकट, उभ्या उभ्या वाचून दाखवला. सूचक ते आजोबाच होते. त्या दिवशी तिने जुन्या टिपणांत प्रत्येक 'पाणंद'पुढे कंसात 'पांदण' घातले, शोधून बदलणाऱ्या कंट्रोल + एच ने, एका झटक्यात.