पान क्रमांक नको, पत्ता द्या : सामूहिक पुनर्वाचनाच्या सभासदांसाठी माहितीपत्रक

आमच्या पुस्तकांच्या दुकानातर्फे दर वर्षी २२ सप्टेंबरच्या आठवड्यात, म्हणजे बिल्बो आणि फ्रोडो या हॉबिट नायकांच्या वाढदिवसाच्या सुमारास, जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीचे ऑनलाइन सामूहिक पुनर्वाचन सुरू होते. आठवड्याला दोन प्रकरणे याप्रमाणे बासष्ट प्रकरणांना एकतीस शनिवार लागतात. उपोद्घात आणि परिशिष्टे यांना प्रत्येकी एक शनिवार मिळतो आणि दिवाळीत एक आठवडा सुट्टी असते. हे सर्व आपणांस ठाऊक आहेच. तरीही प्रत्येक फेरीत एकच अडचण पुन्हा पुन्हा उभी राहते आणि एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो, म्हणून हे पत्रक काढले आहे.

अडचण अशी की, शनिवारी वाचण्यासाठी पाठवलेल्या टिपणात सभासद आपल्या आवडीच्या उताऱ्याचा उल्लेख पान क्रमांकाने करतात. कोणाकडे एकखंडी जाडजूड प्रत असते, कोणाकडे तीन खंडांचा संच, कोणाकडे सात छोट्या पुस्तकांचा. काही सभासद फोनवर वाचतात, जेथे अक्षरांचा आकार वाढवला की पानेही बदलतात. काही जण मुग्धा कर्णिक यांचा मराठी अनुवाद हाताशी ठेवतात. त्यामुळे एकाचे ‘पान ३१२’ दुसऱ्याच्या प्रतीत भलत्याच प्रसंगावर उघडते आणि ज्याने उतारा सुचवला त्याच्याखेरीज कोणालाच तो सापडत नाही.

हा घोटाळा लक्षात आल्यावर काही सभासद पान सोडून आकडे देऊ लागले, पण त्यातून दुसरा घोटाळा झाला. मागील फेरीत एका सभासदाने ‘दुसऱ्याचे चौथे’ असे लिहून पाठवले. शनिवारी वाचन सुरू झाले तेव्हा अर्धी मंडळी मोरिया या भूमिगत नगरीच्या बंद दारापुढे जादूगार गँडाल्फबरोबर परवलीचा शब्द आठवत उभी होती आणि उरलेली अर्धी मेरी व पिपिन या हॉबिट मित्रांसह ट्रीबिअर्ड या झाडासारख्या महाकाय जीवाच्या हातावर बसून अरण्यात निघाली होती. दोन्ही गट आपापल्या जागी बरोबर होते. आपण वेगवेगळ्या ठिकाणी आहोत हे उमगेपर्यंत वीस मिनिटे गेली, आणि ज्या सभासदाने मोठ्या हौसेने उताऱ्याची तयारी केली होती, त्यांना शेवटी तो घाईघाईत वाचावा लागला. परदेशातून सकाळची कामे बाजूला ठेवून बसणाऱ्यांची तर ती वीस मिनिटे भरून निघतच नाहीत.

असे होण्याचे कारण या कादंबरीच्या रचनेत आहे. टॉल्किन यांनी ती एकच सलग कृती म्हणून लिहिली आणि तिचे सहा भाग पाडले. महायुद्धानंतरच्या काळात कागद महाग होता आणि एवढा मोठा ग्रंथ एकदम काढण्यात जोखीम होती, म्हणून प्रकाशकांनी तो तीन खंडांत काढला : पहिला जुलै १९५४ मध्ये, दुसरा त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आणि तिसरा ऑक्टोबर १९५५ मध्ये. प्रत्येक खंडात दोन भाग आले आणि प्रत्येक भागात प्रकरणांचे क्रमांक एकपासून सुरू झाले. म्हणून ‘दुसरा’ म्हणताना भाग अभिप्रेत असेल तर चौथ्या प्रकरणात मोरिया येते, आणि खंड अभिप्रेत असेल तर ट्रीबिअर्ड येतो. मराठीत बोलताना गुंता आणखी वाढतो, कारण आपण हातातल्या वस्तूलाही ‘पुस्तक’ म्हणतो आणि मुळातल्या भागालाही ‘पुस्तक’च म्हणू लागतो.

यावर आपल्याकडे जुना उपाय आहे. ज्ञानेश्वरीतील ओवी कोणी पान क्रमांकाने सांगत नाही. अध्याय आणि ओवी सांगितली की आजीच्या पोथीतही ती सापडते आणि कालच छापलेल्या प्रतीतही सापडते. त्याच धर्तीवर आम्ही टॉल्किन यांच्या सहा भागांना महाभारताप्रमाणे ‘पर्व’ म्हणतो आणि बांधणीच्या तीन पुस्तकांना ‘खंड’. उताऱ्याचा पत्ता देताना पर्व, प्रकरण आणि प्रसंग एवढ्या तीनच गोष्टी लिहाव्यात. उदाहरणार्थ, ‘पर्व २, प्रकरण ४, मोरियाचे दार’. खंडाचा उल्लेख करूच नये. उपोद्घातातील उतारा असेल तर त्यातील उपशीर्षक द्यावे आणि परिशिष्टातील असेल तर परिशिष्टाचे अक्षर द्यावे.

चित्रपट पाहून ज्यांची स्मृती पक्की झाली आहे त्यांनी थोडी अधिक काळजी घ्यावी. बोरोमिर या योद्ध्याचा मृत्यू पहिल्या चित्रपटाच्या शेवटी दाखवला आहे, परंतु ग्रंथात तो तिसऱ्या पर्वाच्या पहिल्या प्रकरणात, म्हणजे दुसऱ्या खंडाच्या आरंभी येतो. शेलॉब या महाकाय कोळिणीची गुहा तिसऱ्या चित्रपटात आहे. ग्रंथात ती चौथ्या पर्वाच्या नवव्या प्रकरणात आहे. स्मरणावर विसंबून पत्ता लिहिला की नेमके येथे चुकते.

पत्त्याचा आग्रह आम्ही एवढा का धरतो, हे एका उदाहरणाने सांगणे योग्य होईल. पाचव्या पर्वाच्या पहिल्या प्रकरणात गँडाल्फ पिपिनला घोड्यावर पुढे घेऊन मिनस टिरिथ या नगराकडे दौडत असतो. रात्री पौर्णिमेच्या जवळ आलेला चंद्र उगवतो, आणि फ्रोडो आता कोठे असेल, शत्रूच्या मॉर्डॉर प्रदेशात पोहोचला असेल की मेला असेल, असा विचार पिपिनच्या मनात येतो. तेथे लेखक हळूच सांगतो की पहाट होण्याआधी गॉन्डॉर राज्यापलीकडे मावळताना तोच चंद्र दुरून फ्रोडो पाहत होता, हे पिपिनला ठाऊक नव्हते. आता मागे, चौथ्या पर्वाच्या सहाव्या प्रकरणात जावे. गॉन्डॉरचा सेनानी फॅरामिर फ्रोडोला झोपेतून उठवून वर नेतो, पश्चिमेला चंद्र मावळत असतो, आणि या अफाट रात्रीत आपले जुने सोबती चालत असतील, झोपले असतील की धुक्याखाली मरून पडले असतील, या विचाराने फ्रोडोच्या अंगावर शहारा येतो. चंद्र एकच, रात्र एकच, आणि दोघांच्या मनात एकमेकांविषयी तीच भीती. पण हे दोन उतारे दोन वेगळ्या खंडांत आहेत; १९५५ सालच्या वाचकाला तर त्या दोहोंमध्ये अकरा महिने थांबावे लागले होते. पहिल्या वाचनात हा धागा बहुतेकांच्या हातून निसटतो, कारण तेव्हा पुढे काय होते याचीच ओढ असते. पुनर्वाचन करायचे ते यासाठी, आणि ते चारचौघांत करायचे तेही यासाठी.

आमच्या वर्गात हे दोन्ही उतारे दोन निरनिराळ्या सभासदांनी टिपले होते. एकाने सात पुस्तकांच्या संचातील पान लिहिले, दुसरीने फोनवरील. दोन्ही टिपणे कित्येक आठवडे आमच्याकडे वेगवेगळी पडून राहिली. पुढे पत्ते नव्याने मागवले तेव्हा ती शेजारी शेजारी आली, आणि त्या शनिवारी दोघांनी आपापला उतारा लागोपाठ मोठ्याने वाचला. वाचन संपल्यावर बराच वेळ कोणी माइक सुरू केला नाही. असे शनिवार वाया जाऊ नयेत, म्हणून गेल्या फेरीपासून पत्ता नसलेले टिपण आम्ही त्या आठवड्याच्या यादीत घेत नाही. हा नियम काहींना कडक वाटला, त्याची आम्हांस जाणीव आहे. परंतु गुरुवारी रात्रीपर्यंत आलेली टिपणे दोन माणसे शुक्रवारी लावतात, आणि एका चुकीच्या पानाचा माग काढण्यात गेलेला अर्धा तास इतरांच्या टिपणांतूनच कापला जातो.

मग सर्वांनी एकच आवृत्ती विकत घ्यावी असे तुम्ही का सांगत नाही, असे आम्हांला नेहमी विचारले जाते. आम्ही पुस्तके विकतो, तेव्हा तसे सांगणे आमच्या फायद्याचे आहे. तरीही ते आम्हांला पटत नाही. आमच्या एका सभासदाची प्रत त्यांच्या आईची आहे. तिच्या समासात आईच्या हातची पेन्सिलीची टिपणे आहेत आणि एका प्रकरणात खूण म्हणून घातलेले बसचे तिकीट अजून तसेच आहे. त्यांनी ती प्रत बाजूला ठेवून नवी घ्यावी, असे कोणत्या तोंडाने सांगावे? ज्यांच्याकडे प्रतच नाही, त्यांनी मात्र अवश्य विचारावे. प्रवासात वाचणाऱ्यांस आम्ही तीन खंडांचा संच सुचवतो आणि घरी निवांत वाचणाऱ्यांस एकखंडी प्रत, शक्यतो २००४ सालच्या पन्नासाव्या वर्षाच्या आवृत्तीचा सुधारलेला पाठ असलेली, कारण आधीच्या छपाईत साचलेल्या अनेक चुका त्यात दुरुस्त झाल्या आहेत. फेरीपुरती प्रत भाड्यानेही मिळते, आणि बांधणी सुटलेली जुनी प्रत आम्ही पुन्हा शिवून देतो.

नोंदणी करणाऱ्या प्रत्येक सभासदास जाड कागदाची एक वाचनखूण विनामूल्य दिली जाते. तिच्यावर सहा पर्वे आणि त्यांतील बासष्ट प्रकरणांची नावे इंग्रजी व मराठीत छापली आहेत. पहिल्या शनिवारपूर्वी ती समोर ठेवून आपल्या प्रतीत प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी, वरच्या कोपऱ्यात, पर्व आणि प्रकरण यांचे आकडे पेन्सिलीने लिहून ठेवावेत; या कामाला जेमतेम अर्धा तास लागतो. ज्यांना तेवढी सवड नाही त्यांनी प्रत दुकानात आणावी, आपण इतर पुस्तके चाळत असताना आम्ही ते आकडे घालून देऊ. आपल्या आईवडिलांच्या प्रतीत दुसऱ्याच्या हातचे अक्षर नको असेल तर तसे सांगावे, त्या प्रतीसाठी आम्ही कागदाच्या सुट्या पट्ट्या करून ठेवल्या आहेत.